कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळतंय, मन भूशास्त्रात आहे आणि घरी कर्ज आहे. काय करू?

औसेकर_कन्या

नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. अकरावी-बारावी लातूरला खोली करून केली. बोर्डाला ८७ टक्के, सीईटीला पीसीएममध्ये ९६.४ पर्सेंटाइल. पुण्यातल्या बऱ्यापैकी कॉलेजात कॉम्प्युटर किंवा आयटी मिळेल असं क्लासचे सर म्हणतात. कॅपचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचा, ऑप्शन फॉर्म अजून भरायचाय. आणि मला बी.एस्सी. भूशास्त्र करायचंय, जिऑलॉजी.

घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे भूगोल का?" पप्पा काहीच बोलले नाहीत. ताटावरून उठून गोठ्यात गेले.

हे खूळ आजचं नाही. किल्लारी आमच्या गावापासून जवळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला काय झालं ते आजीच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय. विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. आजी म्हणते, आधी जमिनीतून आवाज आला आणि मग भिंत आली. मी तिसरीत असताना, २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पप्पा मला ती गाडी दाखवायला घेऊन गेले होते. पांढऱ्या टाक्यांची रांग बघून मी विचारलं होतं, आपल्या जमिनीतलं पाणी कुठं गेलं? पप्पा म्हणाले, संपलं. ते उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मग मी नववीत असताना आम्ही चौथं बोअर घेतलं. आधीच्या तिनांपैकी दोन कोरडी गेली होती. शेजारच्या गावचा पाणाड्या आला, तळहातावर नारळ धरून बांधाबांधाने फिरला, एका जागी नारळ उभा राहिला, तिथं दगड ठेवला. रात्री अकराला तमिळनाडूची बोअरची गाडी आली. मी रात्रभर जागी होते. दर रॉडला बाहेर पडणारी भुकटी मी औषधाच्या दुकानातल्या छोट्या पिशव्यांत भरत गेले आणि बॉलपेनने वर फूट लिहीत गेले. ३२ पिशव्या झाल्या. वर मुरूम, मग करडा दगड, १८० फुटांवर एकदम विटेसारखी लाल भुकटी. त्याच्या खाली पांढरे कण असलेली राखाडी, तिथं हाताला ओल लागली. गाडीवाला म्हणाला अर्धा इंच आहे, खाली अजून लागेल. तिथून ६४० फुटांपर्यंत नुसतं काळं पीठ. धुरासारखं उडत होतं. पहाटे पप्पांनी हात वर करून थांबवायला सांगितलं. केसिंगसकट पाऊण लाखाच्या वर गेले.

त्या पिशव्या अजून माझ्या पेटीत आहेत. कुणाला विचारावं ते कळत नाही, पण त्यात काहीतरी लिहिलेलं आहे आणि मला ते वाचता येत नाही, असं मला वाटत राहतं.

आता दुसरी बाजू. सोसायटीचं कर्ज आहे, आईचं गंठण गहाण आहे. साडेचार एकर, सोयाबीन आणि तूर. भाऊ नववीत. इंजिनिअरिंगला मुलींना शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ आहे, आमचं उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली आहे, त्यामुळे खर्च फक्त राहण्या-खाण्याचा. चार वर्षांत नोकरी लागली तर घर सावरेल. आणि हे फक्त पप्पांचं म्हणणं नाही. मलाही लवकर कमवायचंय. आईचं गंठण मला माझ्या पैशांनी सोडवायचंय. म्हणून अडकलेय. घरचे विरोधात असते तर भांडले असते, इथं मीच दोन्हीकडे आहे.

विचारायचं एवढंच. कॉम्प्युटर करून नंतर भूशास्त्रात येता येतं का? भूशास्त्रवाले रोज नेमकं काय काम करतात? किती वर्षांनी घरी पैसे पाठवता येतात? आणि मुलीला फील्डवर घेतात का?

निलंगेकर_हिंजवडी

ताई, तुझ्याच भागातला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मला गणित करायचं होतं. बी.एस्सी. गणित, मग एम.एस्सी., मग शिकवायचं, असं सगळं डोक्यात पक्कं होतं. वडिलांचं बँकेचं कर्ज होतं म्हणून कॉम्प्युटर घेतलं. २०१४ ला कॅम्पसमधून सव्वातीन लाखांवर लागलो. चार वर्षांत वडिलांचं कर्ज फेडलं, बहिणीचं लग्न केलं. बँकेतून निल दाखला आणला त्या दिवशी वडील तो कागद उशीखाली घेऊन झोपले. मला याचा पस्तावा नाही. गणिताची आठवण येते, पण पस्तावा नाही.

हे माझं झालं. आता तुझ्यासाठी खरं सांगायचं तर २०१४ सारखं आता राहिलं नाही. गेली दोन-तीन वर्षं आमच्याकडे नवीन पोरं फार कमी घेतात. कोडिंग मनापासून करणाऱ्याला आजही मागणी आहे, पण नुसती डिग्री घेऊन लागायचे ते दिवस गेले. "कॉम्प्युटर म्हणजे चार वर्षांत पगार" असा हिशेब मांडून तू आवड सोडणार असशील, तर त्या हिशेबात "बहुतेक" हा शब्द घालून बघ.

तरी मी तुझ्या जागी असतो तर कॉम्प्युटरच घेतलं असतं. एक विचारतो, तू कधी प्रोग्रॅम लिहिलायस का? तो आवडला की नाही हे तुझ्या प्रश्नात कुठेच नाही. ३२ पिशव्या आहेत.

परभणीचा_मास्तर

२२ वर्षं ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवतोय. दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडून घरी आलेली मुलं पाहिलीत, आणि बी.एस्सी. करून तिशीपर्यंत अभ्यासिकेत बसलेलीही. दुसऱ्या प्रकारची जास्त पाहिलीत. बेटा, सिव्हिल इंजिनिअरिंग घे. त्यात माती, दगड, धरण, पाणी सगळं येतं. फी माफीही मिळते. दोन्ही साधेल.

पाषाण_आणि_पाझर

मी भूवैज्ञानिक आहे. मराठवाड्यातच भूजलाचं काम करते, या क्षेत्रात येऊन १४ वर्षं झाली. कामाचा दिवस होता, आता रात्री लिहायला बसलेय. लांब होईल.

आधी तुझ्या पिशव्या. १८० फुटांवरची लाल भुकटी म्हणजे गेरू. आपल्या पायाखालचा दगड साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो एकदम नाही आला, एकावर एक थर येत गेले आणि मधे मोठमोठे खंड पडले. त्या खंडात थराचा माथा ऊन-पावसाने झिजला, त्याची माती झाली, मग पुढचा लाव्हा त्यावरून वाहत गेला आणि ती माती भाजून निघाली. तुझ्या १८० फुटांवर असा एक खंड आहे, एके काळी ती उघडी जमीन होती. त्याच्या खालची पांढरे कण असलेली राखाडी भुकटी म्हणजे खालच्या थराचा माथा. लाव्हा निवताना वायू वर येतो, बुडबुडे तिथेच अडकतात, पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरतात. आपल्याकडे याला मांजऱ्या म्हणतात. ओल तिथेच लागली ना? लागणारच, पाणी साठायला जागा तिथेच असते. आणि त्याखालचं काळं पीठ म्हणजे त्या थराचा गाभा, घट्ट, भेगा नसल्या तर त्यात पाणी शिरायला जागाच नाही.

म्हणजे तू नववीत, कुणी न शिकवता, बोअरचा लॉग केलास, किती फुटांवर कोणता थर लागला त्याची नोंद. आमच्याकडे एम.एस्सी. झालेल्या नव्या माणसाला पहिल्या महिन्यात हेच काम देतात.

"खाली अजून लागेल" ही आशा आपल्याकडच्या काळ्या दगडात फार वेळा फसते. किल्लारीला भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतलं, तिथे काळा दगड ३३८ मीटरवर संपला. फुटांत अकराशेच्या वर. त्याखाली आठेक मीटर जुना गाळ आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा कितीतरी जुना खडक. तुझ्या पप्पांनी ६४० ला हात वर केला ते बरंच केलं.

आता प्रश्न.

कॉम्प्युटर करून भूशास्त्रात येता येतं का? जवळपास नाही. एम.एस्सी. भूशास्त्राला बहुतेक ठिकाणी बी.एस्सी.ला भूशास्त्र असावं लागतं. आयआयटींत एम.एस्सी.ला जाण्यासाठी जॅम नावाची परीक्षा असते, तिचा भूशास्त्राचा पेपर वेगळा असतो. केंद्राची यूपीएससी घेते ती भूवैज्ञानिकांची परीक्षा, जिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात अधिकारी जातात, तिला भूशास्त्रातली किंवा त्याच्या शाखेतली पदव्युत्तर पदवीच लागते. बारावीनंतर थेट पाच वर्षांचे अभ्यासक्रम खरगपूर, धनबादला आहेत, पण ते जेईई ॲडव्हान्समधून, ती वेळ तुझी गेली.

मास्तर, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, सिव्हिल हा मधला रस्ता नाही. सिव्हिलमध्ये भूशास्त्राचा एखादा पेपर असतो. बाकी काँक्रीट, स्टील, अंदाजपत्रक. उत्तम शाखा आहे, पण या मुलीला हव्या असलेल्या कामाकडे ती जात नाही. तिला दोन्हीतलं थोडं थोडं मिळेल असं सांगणं मला बरोबर वाटत नाही.

आम्ही रोज काय करतो? ऋतूवर आहे. राज्याच्या भूजल यंत्रणेच्या ठरलेल्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजतात, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. मेमध्ये दिवसाला पंधरा-वीस विहिरी, ४३ डिग्री ऊन, विहिरीच्या काठाला हात लावला तर भाजतो. त्याशिवाय पिण्याच्या पाण्याचे स्रोत शोधणं, जमिनीत वीज सोडून खडकाचा रोध मोजणं, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडणं. आणि हे सगळं झाल्यावर ऑफिसात बसून नकाशे आणि अहवाल. निम्मं काम स्क्रीनवरच असतं, हे ध्यानात घे. शिवाय गावकऱ्यांना नको ते सांगावं लागतं. तुमच्या शिवारात आणखी बोअर घेऊ नका, हे पाणी नसलेल्या माणसाला तोंडावर सांगणं सगळ्यात जड जातं. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं गावानेच ठरवलं, तसं ठरवायला गावाला पटवावं लागतं, आणि तिथे पदवी कामाला येत नाही, बोलणं येतं.

भूजलाखेरीज बोगदे, धरणं, मेट्रो यांच्या पायाचं काम असतं. खाणी, तेल आणि वायू, कोळसा आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायचं काम वाढतंय. माझी पहिली नोकरी एका बोगद्यावर होती, २०११, महिना १४ हजार. ड्रिलमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या पेटीत लावायच्या, प्रत्येक भेग मोजायची. पत्र्याच्या शेडमध्ये आठ महिने काढले.

पैसे कधी? इथे तुला गोड सांगणार नाही. बी.एस्सी.वर थांबलीस तर या विषयात जवळपास काही नाही, म्हणून एम.एस्सी. धरूनच चाल. पाच वर्षं. त्यानंतर खासगीत नोकरी मिळते, पण सुरुवात लहान. केंद्राच्या परीक्षेला २०२३ मध्ये सगळ्या पदांच्या मिळून देशभरात २८५ जागा निघाल्या, २०२४ मध्ये ५६. एवढा चढउतार असतो. पूर्वपरीक्षा, मुख्य, मुलाखत, वयाची अट २१ ते ३२. तू हुशार असलीस तरी सातवं वर्ष उजाडेल असं धर. मी एका भरतीची जाहिरात निघाल्यापासून हातात ऑर्डर पडेपर्यंत अडीच वर्षं वाट पाहिली. त्या अडीच वर्षांत माझ्या घरी दर आठवड्याला एक स्थळ येत होतं आणि प्रत्येकाला माझं काय चाललंय ते समजावून सांगावं लागत होतं. ती वर्षं तुझ्या वाट्यालाही येतील असं गृहीत धर आणि मग ठरव.

मुलीला घेतात का? घेतात. आमच्या ऑफिसात आता निम्म्याच्या आसपास बायका आहेत. त्रास विहिरीचा नसतो, दिवसभर लघवीला जायला जागा नसते त्याचा असतो. मी पहिली तीन वर्षं फील्डच्या दिवशी पाणीच प्यायचे नाही, मुतखडा झाला. भूजलाच्या माणसाला पाणी न प्यायल्याने. आता कुणाच्याही घरात सरळ जाऊन विचारते, एकाही बाईने आजवर नाही म्हटलेलं नाही.

शेवटी एक काम सांगते. फॉर्म भरायला तुझ्याकडे किती दिवस आहेत? दहा असतील तर गावातल्या दहा विहिरी निवड. सुताच्या दोरीला दगड बांध, दर फुटावर गाठ मार. भल्या पहाटे, कुणाचीही मोटार चालू व्हायच्या आत, काठापासून पाण्यापर्यंत मोज. काठावर एक खूण कर आणि रोज त्याच खुणेवरून मोज. वहीत तारीख, वेळ, फूट, आदल्या दिवशी पाऊस झाला का. आणि त्याच दहा दिवसांत रोज एक तास पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शीक, मोबाइलवरही जमतं. निलंगेकरांचा प्रश्न बरोबर आहे, तू दुसरं ताट चाखलेलंच नाहीस. दहा दिवसांनी इथे येऊन सांग.

निलंगेकर_हिंजवडी

पाषाणताई, वाचून एक गोष्ट लक्षात आली, ती मी आधी बघितलीच नव्हती. कॉम्प्युटर घेतलं तर भूशास्त्राचं दार बंद होतं. उलट मात्र तसं नाही. बारावीला गणित आहे, त्यामुळे कुठल्याही बी.एस्सी.नंतर एम.सी.ए.ची, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीची, सीईटी देता येते. आमच्या टीममध्ये दोघं तसे आलेत, एक वनस्पतिशास्त्राचा आहे. वर्षं एक-दोन जास्त लागतात, पगारात पुढे काही फरक राहत नाही.

माझं "कॉम्प्युटरच घेतलं असतं" हे मी मागे घेत नाही. पण जे नंतर घेता येतं ते आधी घ्यायची घाई कशाला, हा विचार माझ्या वेळी कुणी माझ्यापुढे ठेवला नव्हता.

तिसऱ्या_वर्षाला

मी पुण्यात बी.एस्सी. भूशास्त्र करतेय, आता तिसऱ्या वर्षात. सोलापूर जिल्ह्यातली आहे. फक्त व्यवहाराचं सांगते.

पुण्यात फर्ग्युसनला हा विषय आहे. मुंबईत झेवियर्सला आहे. एम.एस्सी. तुझ्या जवळ नांदेडच्या विद्यापीठात होते, पुणे आणि नागपूर विद्यापीठातही. बी.एस्सी.ची फी इंजिनिअरिंगच्या मानाने फारच कमी असते, खरा खर्च खोली आणि मेसचा, आणि तो दोन्हीकडे सारखाच. वर सहलींचा खर्च. ते विसरू नकोस, वर्षातून एक-दोन मोठ्या सहली असतात आणि त्या टाळता येत नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुसरा विषय घेता येतो. कॉलेजात कोणती जोडी मिळते ते आधी विचार. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स, मग एम.एस्सी. एका वर्षाची. म्हणजे पाचच.

पहिलं वर्ष कंटाळवाणं जाऊ शकतं. स्फटिकांचे लाकडी नमुने हातात घेऊन बाजू मोजत बसायचं, खनिजांची नावं पाठ करायची. मला पहिल्या सहामाहीत वाटलं, चुकलं. मग वाघोलीकडच्या एका खाणीत नेलं. सरांनी फोडलेल्या दगडाच्या पोकळीत कॅव्हन्साइटचे निळेभोर गोळे होते, मोरपिसाच्या डोळ्यासारखे, वाटाण्याएवढे. जगात हे खनिज फार थोड्या ठिकाणी मिळतं आणि संग्राहक त्यासाठी वाघोलीचं नाव घेतात. मी तो तुकडा दुपारभर हातात घेऊन बसले होते. तेव्हापासून कंटाळा आला नाही असं नाही, पण चुकलं असं वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षापासून नकाशांचं सॉफ्टवेअर शीक, क्यूजीआयएस फुकट आहे. आमच्या सीनिअरपैकी ज्यांना लवकर काम मिळालं त्यांना त्यामुळेच मिळालं.

परभणीचा_मास्तर

पाषाणताई, सिव्हिलबद्दल माझा समज अपुरा होता, मान्य. अभ्यासिकेत बसलेल्या मुलांबद्दलची काळजी मात्र तशीच आहे. कन्ये, जे घेशील त्याला मुदत घाल. तारीख लिहून ठेव आणि ती वडिलांना सांग. माझ्या विद्यार्थ्यांत जी मुलं हरवली ती विषयामुळे नाही हरवली, "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत राहिली त्यामुळे हरवली.

औसेकर_कन्या

बारा दिवसांनी लिहितेय. दोन दिवस लाइट नव्हती.

अकरा विहिरी मोजल्या. पहिले तीन दिवस एकटीच जात होते. चौथ्या दिवशी एका आजोबांनी हटकलं, कुणाच्या विहिरीत काय टाकतेस म्हणून. ते पप्पांच्या कानावर गेलं. पाचव्या दिवशी पहाटे मी दोरी घेऊन निघाले तर पप्पा दारात चप्पल घालून उभे होते. काही बोलले नाहीत. मागून चालत आले. सातव्या दिवसापासून दोरी त्यांच्या हातात आणि वही माझ्या.

सहाव्या रात्री मोठा पाऊस झाला. ओढ्याकाठची पाटलांची विहीर सकाळी दोन फूट वर आली होती. तिथून साठ पावलांवर आमच्या चुलत्यांची विहीर आहे, ती तसूभरही हलली नव्हती. मी दोनदा मोजली, पप्पांनी तिसऱ्यांदा मोजली. एवढ्या अंतरात असा फरक का? दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. चुलत्यांच्या विहिरीत दोराला धरून वीस पायऱ्या उतरले, कडेने एक लाल पट्टा गेलेला दिसला, हाताच्या तळव्याएवढा जाड. पाटलांच्या विहिरीत तो पाण्याच्या वर दिसत नाही. याचा अर्थ काय ते मला माहीत नाही. ताई, तुम्ही लगेच सांगू नका, मला थोडे दिवस विचार करायचाय.

पायथॉन रोज एक तास केलं. खरं सांगते, वाईट नाही वाटलं. चौथ्या दिवशी जमायला लागलं तेव्हा बरंही वाटलं. फक्त आठव्या दिवसापासून मी त्यात विहिरींचेच आकडे भरत होते.

एका संध्याकाळी पेटीतल्या पिशव्या काढून ओसरीवर ओळीने मांडल्या, मुरमापासून काळ्या पिठापर्यंत. पाषाणताईंनी लिहिलं होतं ते पप्पांना आणि आजीला सांगितलं. लाल पिशवी हातात घेऊन पप्पा बराच वेळ बसले. मग म्हणाले, "म्हणजे इथंच थांबायला पाहिजे होतं." मी म्हटलं, कदाचित. म्हणाले, "चारशे फुटांचे पैसे गेले." मग आजीने विचारलं, ती लाल जमीन उघडी होती तेव्हा तिथं काय उगवत असंल?

हिशेब सगळ्यांसमोर मांडला. इंजिनिअरिंग चार वर्षं आणि "बहुतेक". भूशास्त्र पाच वर्षं, नंतर लहान पगार, मोठी नोकरी मिळाली तर सातव्या वर्षी. पुण्यातला खर्च दोन्हीकडे सारखा. भाऊ बारावी होईल तेव्हा मी तिसरं वर्ष संपवलेलं असेल. मास्तरांनी सांगितलं तशी तारीख वहीत लिहिली: तिसऱ्या वर्षी जॅम द्यायची, नाहीतर विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश. दोन्ही झालं नाही तर त्याच वर्षी एम.सी.ए.ची सीईटी. वर्ष वाया घालवायचं नाही. पप्पांनी ते पान वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाले, "पाच वर्षं मी कळ काढतो. सातवं मला नको सांगू."

आईला अजून पटलेलं नाही. तिने गंठणाचा विषय काढला नाही, तेच मला जास्त लागतंय. मी तिला म्हटलं, पाच वर्षांनी पहिल्या पगारातून व्याज तरी भरेन. ती म्हणाली, आधी जेव.

कॅपचा फॉर्म भरला नाही. पुण्याच्या कॉलेजचा बी.एस्सी.चा फॉर्म काल भरला, पप्पांच्या मोबाइलवरून, त्यांनीच ओटीपी वाचून दाखवला. यादी लागायचीय. नाव नाही आलं तर नांदेड-सोलापूरकडे हा विषय असलेलं कॉलेज बघणार.

एक विचारायचं होतं. जाताना बरोबर काय घेऊ? हातोडा लागतो असं वाचलं, तो गावच्या लोहाराकडून करून घेतला तर चालतो का?

पाषाण_आणि_पाझर

लोहाराचा नको. त्याला पाणी नीट दिलेलं नसलं तर काळ्या दगडावर मारताना कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो. हातोडा कॉलेजात मिळतो, पहिल्या वर्षी विकत घेऊ नकोस. भिंग मात्र स्वतःचं घे, दहा पटीचं, गळ्यात अडकवायला दोरी लावून. आणि त्या ३२ पिशव्या ने. वर लिहिलेलं बॉलपेन पुसट होत आलं असेल, नव्याने मार्करने लिही, आणि कोणत्या गावची, कोणत्या तारखेची तेही लिही. तारीख नसलेला नमुना आम्ही ठेवत नाही.

लाल पट्ट्याचं नाही सांगत.